आभाळातला मुलामा

साकीनाक्याच्या एका गाळ्यात खोट्या दागिन्यांवर सोन्याचा मुलामा चढवणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. बांगडी पाण्यातून काढली की तो तिच्यावर हळूच फुंकर मारायचा. एकदा माझी बांगडी मुलाम्याला दिली होती, तेव्हा मी त्याला मोबाइलवर अंतराळातल्या दुर्बिणीचा आरसा दाखवला. त्यावरच्या सोन्याच्या पातळ थरामुळे धुळीआडच्या ताऱ्यांची उष्णताही टिपता येते, एवढं सांगितलं.

“म्हणजे मुलामाच ना, ताई?”

“मुलामाच.”

चिमटा टाकून तो चक्क नाचला. “सासरा म्हणतो, जावयाचा धंदा खोट्याचा. थांबा, फोनच लावतो!”

लावलाही. “मामा, आपला मुलामा आभाळात गेला! त्याच्याशिवाय खरे तारे दिसत नाहीत, काय समजलात?”

मग माझी ओली बांगडी डोळ्याला लावून तो गाळ्याच्या गंजक्या पत्र्याकडे बघत राहिला.

“झकास दिसतंय, ताई!”