परक्या किनाऱ्यावर बोंबील

माहेरून आलेली सुक्या बोंबलांची पिशवी आज उघडली आणि शाळेत असताना खेळलेली आंतरराष्ट्रीय भूगोल स्पर्धा आठवली. परदेशातल्या एका किनाऱ्याचा नकाशा काढून तिथे काय उभारावं, ते सुचवायचं होतं. बाकीच्यांनी हॉटेलं, बागा काढल्या. मी पडले माहुलच्या कोळीवाड्यातली. मोकळी वाळू दिसताच बोंबील सुकवायला बांबूची वलांडी काढली. मग आजूबाजूचे नकाशे पाहिले आणि वाटलं, वाट लागली.

परीक्षकबाईंनी विचारलं, "हे काय?" आमच्याकडे बोंबील कसे सुकवतात ते मी भडाभडा सांगितलं, आणि पदक मिळालं.

फोनवर पदकाचं आणि वलांडीचं सांगितलं, तर बाबा म्हणाले, "ते असू दे गं. तिथे वलांडीला वारा कुठून येत होता?"

पदक कुठलं, हे विचारलंच नाही म्हणून मी रुसले होते. आज हसू येतं. माझा नकाशा इतका मन लावून दुसऱ्या कोणी तपासलाच नव्हता.