काकू जेवायला बसल्या

पोलादपूरच्या स्टँडवर एसटी टेकली की कंडक्टरच्या आधी आमच्या काकूंचा आवाज यायचा. "गरम भात, माशाची आमटी, कुळथाची पिठी! उतरा रे, गाडी कुठं जात नाय!" खानावळ रस्त्याच्या पलीकडे, मध्ये ट्रकांची रांग, वर हॉर्नचा गोंगाट, आणि तरी तो आवाज सगळ्यातून आरपार यायचा. कशेडी घाट उतरून आलेले ड्रायव्हर म्हणायचे, काकूंची हाक ऐकली की ब्रेक आपोआप लागतो.

काकूंजवळ बातमी टिकत नसे. भाचीचं लग्न जमलं, शेजारची म्हैस व्याली, मुंबईच्या मुलाला पगारवाढ मिळाली, सगळं चुलीजवळून थेट रस्त्यापर्यंत पोचायचं. मी कराडहून इथल्या शाळेत गणित शिकवायला आले आणि खानावळीच्या मागची खोली भाड्याने घेतली. दुसऱ्याच दिवशी भाजीवालीने मला माझी पदवी, माझं गाव आणि माझं लग्न झालेलं नाही हे सगळं सांगून दाखवलं. सांगणाऱ्या अर्थात काकू. पण या एवढ्या बोलक्या बाईने स्वतःच्या शरीराबद्दलची एक गोष्ट कित्येक महिने कुणाला कळू दिली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही.

काकू जेवायच्या कशा, हे पाहायला मला बराच काळ लागला, कारण त्या जेवायच्याच नाहीत. सकाळी चहा आणि खारी. गर्दी सुरू झाली की पुन्हा चहा. दुपार कलल्यावर पातेल्याच्या तळाचा गार भात, उभ्याउभ्याच, एका हाताने ओटा पुसत. मग पोट फुगायचं, घशाशी आंबट यायचं, आणि काकू सोड्याची बाटली उघडायच्या. शौचाला दोन-दोन, तीन-तीन दिवस व्हायचं नाही. बाजारातल्या फिरत्या विक्रेत्याकडून त्यांनी कसलंसं चूर्ण आणलं होतं, ते घेतलं की एक दिवस धावपळ आणि मग पुन्हा तेच. मे महिन्यात सगळे घामाने निथळत असताना काकूंच्या खांद्यावर शाल असायची. केस विंचरले की फणी भरायची. चेहरा सुजल्यासारखा दिसायचा. विचारलं तर म्हणायच्या, "वय झालं गो, मॅडम." वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर!

माझी गोष्ट वेगळीच होती. माझी पाळी चार-चार महिने यायची नाही. हनुवटीवर राठ केस उगवायला लागले होते. बिस्किटं, वडापाव आणि वह्या तपासता तपासता खाल्लेलं फरसाण यांवर माझे दिवस निघत. आई फोनवर म्हणायची, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं. एका रविवारी मी अंगणात उजेडाला आरसा टेकवून चिमट्याने हनुवटीचे केस उपटत बसले होते. काकू धुणं वाळत घालायला आल्या आणि थबकल्या.

"गो, हे काय उपटतेस?"

खोटं काही सुचलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. काकू बादली खाली ठेवून माझ्याजवळ बसल्या आणि त्यांनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली येऊ शकतो, हेच मला तेव्हा समजलं.

"तुजी येत नाय," त्या म्हणाल्या, "आन् माजी थांबत नाय. गेल्या पावसाळ्यापासून असाच चाललाय. लुगड्याच्या घड्या घेऊन घेऊन दिवस काढते."

मग त्याच फिस्सकन हसल्या. "आपली अदलाबदल करायला हवी होती बघ."

दोघी हसलो. हसून झाल्यावर मी म्हटलं, "काकू, डॉक्टरकडे जाऊ या. दोघी जाऊ." त्या ताडकन उठल्या. "नाय. माज्या अक्काला नेली होती डॉक्टरकडे. पिशवीला गाठ निघाली. घरी आली ती पडूनच." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिनेही शेवटपर्यंत कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि नेली तेव्हा फार उशीर झाला होता. काकूंच्या मनात मात्र डॉक्टर आणि मरण यांची गाठ पक्की बसली होती. धुणं तसंच टाकून त्या आत गेल्या.

मग एक दिवस ऐन जेवणाच्या गर्दीत वरणाचं भांडं घेऊन येता येता काकू खाली बसल्या. पडल्या नाहीत, भांडंही सांडलं नाही, नुसत्या बसल्या आणि उठेचनात. ओठ पांढरेफटक. काका गल्ल्यावरून धावत आले. काका म्हणजे दिवसभरात मोजके शब्द बोलणारे गृहस्थ. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "हिला काय होतंय, तुम्हाला ठावं हाय ना?"

काकूंनी डोळ्यांनी मला नको म्हटलं. मी तरीही सांगितलं.

काकांनी गिऱ्हाइकांची अर्धी ताटं तशीच ठेवून खानावळीचं दार ओढून घेतलं, समोरच्या जीपवाल्याला हाक मारली आणि आम्ही महाडला निघालो. वाटेत काकूंनी माझा हात सोडला नाही. डॉक्टरबाईंसमोर त्या इतकं हळू बोलत होत्या की बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मोठ्याने सांगा. इथे लाजायचं काही काम नाही." काकूंनी एकेक करत सगळं सांगितलं, शालीपासून सोड्यापर्यंत. बाई ऐकत गेल्या आणि म्हणाल्या, "एवढं अंगावर काढलंत?"

रक्त इतकं कमी झालं होतं की बाटल्या चढवाव्या लागल्या. सोनोग्राफी झाली. रक्त तपासायला घेतलं, पिशवीच्या आतला तुकडाही पाठवला. त्याचा रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी विसरणार नाही. काकू परत आल्या, पण खानावळीतून हाक येईना. ड्रायव्हर मला शाळेच्या वाटेवर अडवून विचारायचे, "काकू कुठं गेल्या?" काका पहाटे उठून स्वतः भाकऱ्या थापायचे. भाकरीला आकार नसायचा, पण एकही गिऱ्हाईक बोललं नाही.

रिपोर्ट आणायला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरबाईंनी कागद वाचला, पुन्हा वरपासून वाचला आणि हसल्या. "वाईट काही नाही. तुमचं थायरॉइड फार मंदावलंय. त्यानेच रक्त जास्त जातं, त्यानेच पोट जड राहतं, थंडी वाजते, केस जातात. गोळी सुरू करू. हळूहळू सुधारेल, पण गोळी सोडायची नाही."

"म्हंजे गाठ नाय?"

"गाठ नाही."

काकू खुर्चीतून उठल्या, दार उघडलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या साऱ्या बायकांना ऐकवलं, "गाठ नाय गो! माजी गाठ नाय!" सगळा दवाखाना चमकला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते.

त्याच दिवशी बाईंनी मलाही तपासलं. माझ्या आजाराचं नाव पीसीओडी. त्यावर झटपट उतारा नव्हता. चाला, झोपा, वेळेवर जेवा, डाळी-भाज्या वाढवा, मैदा आणि गोड कमी करा, आणि धीर धरा. येताना जीपमध्ये काकू म्हणाल्या, "दोघी एकदम सुरू करू. बघू कोण आधी बरी होते!"

आणि काय दिवस होते ते! काकूंची पहिली लढाई चहाशी. उठल्या उठल्या गोळी आणि त्यानंतर तासभर चहा नाही, जेवणासोबत तर अजिबात नाही, असं बाईंनी बजावलं होतं. तो तासभर काकू पिंजऱ्यातल्या वाघिणीसारख्या अंगणात फेऱ्या मारायच्या. मग मी म्हटलं, फेऱ्याच मारायच्या तर रस्त्यावर मारू. आम्ही महाबळेश्वरच्या रस्त्याने चालायला लागलो. सुरुवातीला पुलापर्यंत जाऊन काकू कठड्यावर टेकायच्या. पुढे पूल मागे पडला, मग पहिलं वळण, मग त्यापुढचा आंबा.

दुसरी लढाई ताटाची. जेवणाची वेळ झाली की स्वयंपाकघरातल्या बायकांना घेऊन काकू आधी जेवायला बसू लागल्या. पाटावर, मांडी घालून. नाचणीची भाकरी, पिठी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, काकडी, ताक. पहिल्या दिवशी एक ड्रायव्हर दारातून ओरडला, "काकू, ताट वाढा, उशीर होतोय!" काकूंनी घास नीट चावून गिळला आणि म्हणाल्या, "थांब रे. आधी माजा जेवण." तो बिचारा हात धुऊन गुपचूप बाकावर बसला. काका गल्ल्यावरून म्हणाले, "बसा, आम्ही पण थांबलोय." काकांचं त्या महिन्यातलं सर्वांत मोठं वाक्य असावं ते.

सगळं सरळ झालं नाही. रक्त वाढायला दिलेल्या लोहाच्या गोळ्यांनी पोट आणखीच घट्ट झालं, तेव्हा बाईंनी गोळी बदलून दिली. गणपतीत कुण्या पाहुणीने सांगितलं, थायरॉइडच्या गोळीची सवय लागते, आणि काकूंनी ती मुकाट्याने बंद केली. दिवाळीपर्यंत शाल परत खांद्यावर आली. बाईंनी चांगलं झापलं. येताना काकू म्हणाल्या, "शिव्या खाल्ल्या ते बरा झाला. पोटाला हलक्या असतात."

आणि मग ती सकाळ! मी केस धूत होते. मागच्या अंगणातून आरोळी आली, "गो बाय! झाला! कायपन न घेता झाला! सलग सात दिवस!" शेजारच्या माई धावत कुंपणाशी आल्या. "काय झालं? मुलाचं लग्न ठरलं?" काकूंनी पोटावर हात मारला. "त्याचा नाय गो, माजा पोट साफ झाला!" माई इतक्या हसल्या की त्यांना कुंपण धरावं लागलं. मग हळूच म्हणाल्या, "मला पण सांग हां, काय केलंस ते."

माझी पाळी आपल्या आपण आली तेव्हा मी शाळेतून धावतच खानावळीत शिरले. काकूंच्या कानात सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे सगळ्या गिऱ्हाइकांना सोलकढी फुकट वाटली. "कशाबद्दल, काकू?" "आनंद झालाय. प्या गप!"

त्या हिवाळ्यात काकूंनी जाहीर केलं, रायगड चढायचा. रोपवेने नाही, पायऱ्यांनी. आळीतल्या बायका, खानावळीतल्या बायका आणि मी अशा जीप भरून पाचाडला उतरलो. काकू पुढे. धाप लागली की थांबायच्या, पण बसायच्या नाहीत. अर्ध्या वाटेवर सावलीला सगळ्या टेकलो आणि काय विषय निघाले! कुणाला गॅस, कुणाला अंगातून वाफा, कुणाला पाळीत उठवत नाही. इतकी वर्षं एकाच नळावर पाणी भरणाऱ्या बायका हे एकमेकींना पहिल्यांदा सांगत होत्या आणि हसून लोळत होत्या.

फक्त शालूताई हसत नव्हत्या. त्या बौद्धवाडीतल्या अंगणवाडी सेविका. वर पोचल्यावर सगळ्या फोटो काढत होत्या, तेव्हा त्यांनी काकूंना बाजूला घेतलं. पाळी बंद होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि आता पुन्हा डाग दिसत होते. "काय नसेल ना?" त्यांनी विचारलं.

काकूंचा चेहरा बदलला. मला वाटलं, त्यांना अक्का दिसली. पण त्या म्हणाल्या, "ते मला नाय ठावं. मी औषध सांगत नाय. उद्या महाडला जायचा. मी येते."

शालूताईंना गाठ निघाली. अगदी सुरुवातीची. मुंबईला ऑपरेशन झालं आणि त्या उन्हाळ्यात परत येऊन पुन्हा मुलांना गाणी शिकवू लागल्या. त्यांच्या तोंडून ही गोष्ट वाडीवाडीत गेली, आणि काकूंच्या खानावळीत कधी जेवायला न आलेल्या बायकाही येऊ लागल्या. दारात घुटमळायच्या, पाणी मागायच्या, मग आत यायच्या. सोमवारी खानावळ काका सांभाळत, आणि काकू जीपमध्ये कुणाला तरी घेऊन महाडला निघत.

बदली होऊन मी निघाले तो दिवसही सोमवारच होता. मला महाडहून पुढची गाडी धरायची होती, म्हणून त्यांच्याच जीपमध्ये बसले. सोबत कांगोरी गडाच्या बाजूच्या एका वाडीतली कॉलेजची मुलगी होती, ओढणीचं टोक बोटांना गुंडाळत बसलेली. रस्ताभर काकू माझ्याशी बोलत होत्या. नव्या गावात जेवणाची सोय बघ, चालणं सोडू नको, फोन कर. दवाखान्याशी जीप थांबली. काकूंनी माझ्या गालावर हात फिरवला आणि उतरल्या. मला वाटलं, आता रडतील, रस्ता गोळा करतील.

पण दारापाशी ती मुलगी थांबली आणि काहीतरी पुटपुटली. काकू वाकल्या, कान तिच्या तोंडाजवळ नेला आणि ऐकत राहिल्या. माझी जीप वळली तरी त्यांनी मागे पाहिलं नाही. मी मान वळवून बघत होते. मुलीने ओढणी सोडली, काकूंचा हात धरला आणि दोघी आत गेल्या.