लाल रेघ नसलेली डबी

मेडिकलच्या काउंटरवर दुपारचं ऊन तिरपं आलं होतं. त्यात गोळ्यांची एक स्ट्रिप चमकत होती, कडेला लाल रेघ असलेली.

माझ्या शेजारच्या काकूंनी पुढे केलेली चिठ्ठी दुकानदाराने हळूच परत सरकवली. "काकू, ही काकांच्या नावाची आहे. झोपेच्या गोळ्या अशा देता येत नाहीत."

"ते गेल्यापासून जागी मीच असते रे," काकू म्हणाल्या.

मी त्या रेघेकडे पाहत राहिले. सरकारात कुणीतरी बसून ठरवलं असेल, कुठल्या औषधावर अशी रेघ ओढून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं आणि कुठलं कुणीही मागावं. बरंच आहे म्हणा. पण माणसाच्या आत खोलवर काय काय उतरतं, ते कुठल्या यादीत मावणार? खुंटीवरचा शर्ट, रिकाम्या खुर्चीवर येऊन बसलेलं असलंच ऊन...

"मग बाम तरी दे. ते रोज रात्री कपाळाला लावायचे, तो."

त्याला चिठ्ठी लागत नव्हती. काकूंनी दुकानाच्या पायरीवरच डबी उघडली, नाकाशी धरली आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या.

मी मुद्दाम पाहिलं. डबीवर कुठेच लाल रेघ नव्हती.