चालतं, असं ती म्हणाली

ही गोष्ट मी ताईलाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — माहीत नाही. आपली ओळख नाही, म्हणून असेल.

दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, ठाण्याच्या कोळीवाड्यातले. मासळीला बर्फ पुरवायचा कारखाना होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी स्पोर्ट्स कार घेतली — लाल, दोन दारांची, टप उघडणारी. मी तेव्हा कोपरला राहायचो, नुकताच नोकरीला लागलेलो. गाड्यांची मासिकं वाचायचो, एवढ्यावर घरात जाणकार ठरलेलो. त्यामुळे गाडीला काय काय बसवायचं ते मीच ठरवत होतो. रुंद टायर, घुमणारा सायलेन्सर, आणि मुख्य म्हणजे आखूड स्प्रिंगा. त्या लावल्या की गाडी रस्त्याला टेकल्यासारखी बसते. कल्याणचा एक गॅरेजवाला बसवून द्यायला तयार होता.

दाजी सावध माणूस. म्हणाले, "आधी शोरूमला इचारून ये. वारंटी जात असंल तं नको."

मी गेलो. म्हणजे — शोरूमच्या समोरपर्यंत गेलो. तिथे उसाचा रस प्यायलो. काचेतून काउंटरवरची चष्मेवाली मुलगी दिसत होती. रस्ता ओलांडायचा, एक प्रश्न विचारायचा, एवढंच काम. पण ती नाही म्हणाली तर? मला ती गाडी बसकी हवी होती. माझी नव्हती, तरी. मी परत आलो आणि सांगितलं, "काउंटरवरच्या मुलीला विचारलं. चालतं म्हणाली."

खोटं इतकंच. पुढे ते वाढलं — की मी वाढवलं?

थोड्याच दिवसांत शीळ रस्त्यावर एका गतिरोधकाला गाडीचं पोट घासलं. खालून ऑइल गळून गेलं, आणि दाजींच्या लक्षात येईपर्यंत इंजिन जाम. शोरूमने वॉरंटी नाकारली — स्प्रिंगा बदलल्यात, म्हणाले. दाजी मला घेऊन तिथे गेले. मॅनेजरने त्या मुलीला केबिनमध्ये बोलावलं.

"हीच का?" दाजींनी मला विचारलं.

तेव्हा बोलता आलं असतं. दाजी रागावले असते, ताई चार दिवस बोलली नसती. आणखी काय झालं असतं? मी म्हणालो, "हो, हीच."

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मला वाटलं, आता म्हणेल — हा माणूस इथे आलाच नव्हता.

"मला आठवत नाही, सर," ती म्हणाली. "दिवसभर लोक विचारत असतात... म्हणाले असेन कदाचित. सॉरी."

ती मला सॉरी म्हणाली.

शोरूमने इंजिन फुकट करून दिलं, मूळच्या स्प्रिंगा परत बसवल्या. गाडी आणायला गेलो तेव्हा काउंटरवर दुसरंच कोणी होतं. दाजींनी चौकशी केली. तिला काढलं होतं.

मला घरी सोडायला दाजी निघाले. वाटेत म्हणाले, "पोरीनं चूक कबूल तं केली. आपल्यामुलं नोकरी गेली तिची."

आपल्यामुळे, म्हणाले.

मुंब्रा मागे पडल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. माझा पडलेला चेहरा पाहून असेल. "घे, चालव जरा," म्हणाले. मी चावी घेतली. घरापर्यंत मीच चालवली — आणि मला मजा आली.