बांधावरची आडवी बाभळ

लोणीत आमच्या घराला मोठं घर म्हणायचे. माझं लग्न जमवताना वडिलांना हेच सांगितलं होतं: रान मोठं, विहीर घरची, पोरगी राणीसारखी राहील. राणी कशी राहते ते मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं. ओल्या घाणेरीचा धूर डोळ्यांत घेऊन, पदराला नाक पुसत, चुलीपुढं वाकून जी फुंकणी फुंकते ती राणी.

माझं माहेर जुन्नरच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथं जमीन वीतभर, पण सरपणाची ददात कधी नव्हती. आई उन्हाळ्यात पडवीत लाकडं रचायला घ्यायची आणि मृगाच्या आत ती रास आढ्याला टेकायची. ज्या घराची पडवी रिकामी, त्या घरात पोरगी द्यायला आमच्याकडं लोक दोनदा विचार करायचे. वडिलांनी लोणीत येऊन विहीर बघितली, बैल बघितले, बैलांचे दात बघितले. पडवी बघायची राहिली.

लोणीकडचा मुलूख उघडाबोडका. झाड म्हणजे बाभळ, आणि बाभळ म्हणजे बांधावर. आमच्या रानात बऱ्याच होत्या. मालकांनी (नवऱ्याला आमच्यात मालक म्हणतात, त्यातच सगळं आलं) त्या एकेक करून आळेफाट्याच्या वखारवाल्याला देऊन टाकल्या. ट्रक थेट रानात यायचा. लाकूड वीटभट्टीला जायचं. मी एकदा म्हटलं, एखादी तरी घराला ठेवा. ते बूट घालत होते. म्हणाले, बायकांचं काय, बायका कुठूनबी आणत्यात.

कुठूनबी! ते कुठूनबी म्हणजे काय, हे त्यांना कधी कळलं नाही. तुरीच्या तुरकाट्या दिवाळीपर्यंतसुद्धा पुरत नाहीत, त्या भसकन पेटतात आणि भसकन विझतात. गोवऱ्या पावसात ओल धरतात. मग ओढ्याकाठची घाणेरी, रुई, एरंड, जे ओलं मिळेल ते. ओलं पेटत नाही म्हणून खाली सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा घालायचा, नाहीतर तुटलेली स्लीपर. रबराचा तो काळा, चिकट धूर भाकरीला लागायचा. मोठं घर! दारात मोटरसायकल, ओट्यावर पांढऱ्या टोप्या, आत बायका चपला जाळून भाकरी भाजतायत. आजही कुठं टायर जळाल्याचा वास आला की मला ओकारी येते आणि त्या भाकरीची चव जिभेवर येते.

पुढं गॅस आला. आला म्हणजे ओट्यालगतच्या खोलीत आला, स्वयंपाकघरात नाही. टाकीला लोकरीचं विणलेलं कव्हर घातलं होतं. पावणे आले की त्यावर चहा व्हायचा, म्हणजे पावण्यांना टाकी दिसायची. भाकरी मात्र चुलीवर. गॅसवरच्या भाकरीनं पोट दुखतं असं मालकांचं ठाम मत होतं. पोट त्यांचं दुखणार होतं, डोळे आमचे जाणार होते.

आमचे म्हणजे माझे आणि सासूबाईंचे. सासूबाई हाडाच्या कष्टाळू, बोलायला तिखट, पण माझ्याशी कधी वाकड्यात शिरल्या नाहीत. त्यांचा जन्म चुलीपुढं गेला होता आणि आता छातीत नुसती घरघर. धूर झाला की खोकल्याची उबळ यायची, ती थांबायची नाही. ओठ निळे पडायचे. बाहेर जाऊन बसा म्हटलं तर पावसात बसणार कुठं? ओट्यावर पुरुष. त्या आपल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पोत्यावर बसायच्या, तोंडावर पदर घेऊन. मंचरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि मालकांना स्पष्ट सांगितलं की औषधापेक्षा धूर बंद करा, निदान वाळलेलं लाकूड तरी घाला, नाहीतर बाई फार दिवस काढायच्या नाहीत. मालकांनी मान डोलावली. येताना खोकल्याची बाटली आणली आणि माझ्या हातात दिली, जशी काही मी मागितली होती.

आता बाभळीचं ऐका.

आमचं रान आणि चुलत दिरांचं रान यांच्या मधल्या बांधावर एक जुनी बाभळ होती. दोघी मिळून कवळ घातली तरी पुरायची नाही एवढं खोड. वखारवाल्यानं तिच्यावर डोळा ठेवला होता, पण ती कुणालाच विकता येईना, कारण बांध कुणाचा हेच ठरलेलं नव्हतं. सासरे होते तोवर कुणी विचारत नव्हतं. शेंगा पडल्या की ज्याची शेळी आधी येईल ती खायची, आणि दुपारी दोन्ही घरच्या भाकरी त्याच सावलीत सुटायच्या. सासरे गेले आणि मोजणी सुरू झाली. बांधाला मालक झाले दोन आणि भाकऱ्या सुटायच्या थांबल्या.

एका वळवाच्या पावसात ती बाभळ मुळासकट उन्मळून पडली. अर्धी आमच्या रानात, अर्धी त्यांच्या. मला मेलीला आनंद झाला. म्हटलं, सुटलो! दोन्ही घरांना दोन-दोन पावसाळे पुरेल एवढं लाकूड आयतं आडवं पडलंय. मधोमध करवत लावा, अर्धं तुम्ही न्या, अर्धं आम्ही. शेंबड्या पोरालाही कळेल असा हिशोब.

पण भावकीला कळला नाही. पंच बसले, चहा झाला, तो गॅसवर झाला, आणि ठरलं काय, तर बांधाचा निकाल लागेपर्यंत कुणीही बाभळीला हात लावायचा नाही. जो हात लावील त्यानं दुसऱ्याच्या हद्दीत घुसखोरी केली असं धरायचं. बरं, विचारून घ्यावं म्हटलं तर तेही नाही. मालकांनी मला नीट समजावून सांगितलं, मोठ्या हुशारीनं. म्हणाले, आपण त्याला एक फांदी जरी मागितली तरी बांध त्याचा हे आपण कबूल केलं. तिकडं दीरही आपल्या बायकोला अक्षरशः हेच सांगत होते, ते मला पुढं कळलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथं तर सुंभ जाळायचीही चोरी.

बाभळ पडून राहिली. एक उन्हाळा तापली, दुसरा तापली, वाळून खणखणीत झाली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, तसा वाळवीनं सालीला हात घातला, वाळवीला पंचांची भीती नव्हती. आणि मी आणि माझी चुलत जाऊ, दोघी तिच्या दोन अंगांनी रोज जात होतो, ओढ्याकाठची ओली घाणेरी तोडायला. पुरुष बोलत नव्हते म्हणून आम्हीही बोलत नव्हतो. तिच्या डोळ्यांच्या कडा माझ्यासारख्याच लाल असायच्या.

त्या वर्षी आषाढात पाऊस धरूनच बसला. घरात वाळलेली काडी नव्हती. सकाळी चूल पेटवताना सासूबाईंना अशी उबळ आली की मी भाकरी तशीच टाकून त्यांची पाठ चोळत बसले. मालक दारात येऊन उभे राहिले, जेवायला उशीर का म्हणून. सासूबाईंनी श्वास सावरला आणि लेकाकडं बघून म्हणाल्या, "मला बाटली नगं. त्या बाभळीची एक वाळली फांदी आणून दे."

मालक म्हणाले, निकाल लागू दे. आणि ओट्यावर गेले.

मी दुपारी विळा घेऊन बांधावर गेले. पावसानं उघडीप दिली होती. तोडायचीही गरज पडली नाही, आमच्या बाजूच्या फांद्या हातानंच कटाकट मोडत होत्या. वरून भिजलेल्या, आतून ठणठणीत कोरड्या. एकटीला उचलेल एवढाच भारा बांधला, डोक्यावर घेतला आणि घरी आणला. दीर त्यांच्या रानातून बघत होते. ते मला काही बोलले नाहीत, वहिनीला कसं बोलायचं? ते सरळ आमच्या ओट्यावर आले आणि मालकांना म्हणाले की बांध आमचा हे तुमच्या घरच्यांनीच आज कबूल केलं, चोरून नेलं म्हणजे माल दुसऱ्याचा.

मला वाटलं, निदान आज हा माणूस म्हणेल, माझी आई आत गुदमरतेय, काय करायचं ते कर. कसचं काय! मालक आत आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला म्हणाले, "भारा उचल. जिथनं आणला तिथं टाकून यायचा. आत्ता."

चुलीत त्यातलं एक लाकूड मी नुकतंच घातलं होतं. ते पेटायला लागलेलं, पाणी मारून विझवायला लावलं आणि तेही भाऱ्यात घालायला लावलं. कोपऱ्यात सासूबाई सगळं बघत होत्या. भर दुपारी, गावच्या रस्त्यानं, तो भारा डोक्यावर घेऊन मी परत बांधावर गेले. मागं दीर, त्यांच्या मागं मालक, दोघं साक्षीदार. देवळापाशी बसलेली माणसं बघत होती. मी भारा बाभळीवर टाकला तेव्हा दोघांनी एकमेकांकडं बघितलं, समाधान झाल्यासारखं. त्या दिवशी मला त्या दोघांची जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. राग निवतो हो, शिसारी निवत नाही.

सासूबाई श्रावणात गेल्या. सकाळची वेळ, चूल धुपत होती, त्या पोत्यावर बसल्या बसल्याच कलंडल्या. मी फुंकणी टाकून उठले तोवर सगळं संपलं होतं.

बाहेर झिमझिम चालू होती आणि गावात चर्चा सुरू झाली की लाकडाचं कसं करायचं. कुणाच्याच घरी मयताला पुरेल एवढं वाळलेलं लाकूड नव्हतं. कुणी रॉकेलचं बोललं, कुणी टायरचं. तेवढ्यात दीर आले, खांद्यावर कुऱ्हाड. सगळ्यांदेखत मालकांना म्हणाले, "चुलतीला लाकूड कमी पडू द्यायचं न्हाई. बाभळ तोडू."

मालक त्यांच्या गळ्यात पडून रडले. दीरही रडले. माणसं म्हणाली, शेवटी रक्ताचं नातं हाय राव, वेळेला धावून आलं. आणि दोघं भाऊ बांधावर गेले, एकानं या अंगानं, एकानं त्या अंगानं घाव घातले. घावाचा आवाज घरापर्यंत येत होता. हद्द नाही, पंच नाही, निकाल नाही. जी बाभळ इतके दिवस कुणाला हलवता येत नव्हती, ती सकाळच्या प्रहरात फोडून बैलगाडीत भरली. एक फांदी मागितली होती म्हातारीनं. आता गाडीभर दिली. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. पावसातसुद्धा चिता कशी धडधडून पेटली, अजिबात धूर झाला नाही, हे परत आलेली माणसं कौतुकानं सांगत होती. मला सांगत होती. मी मोरीत जाऊन ओकले.

पुढं तेरावं झालं. बांधावर अजून पुष्कळ लाकूड उरलं होतं, मोठाले ओंडके, फांद्या, ढलप्या. ते स्मशानात गेलेलंच नव्हतं, जागचं हललंही नव्हतं. पण दोघा भावांनी आता एकमुखानं सांगितलं की मयतासाठी तोडलेलं झाड, ते घरात न्यायचं नाही, अपशकुन होतो. बघा म्हणजे, आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं आणि तेही चूल पेटू नये यावर. आपल्याला मिळालं नाही तरी चालेल, त्याला मिळता कामा नये, याला हे लोक रीत म्हणत होते.

मी गेले. बांधावर चुलत जाऊ आधीच आलेली होती, ओटीत ढलप्या भरत. आम्ही एकमेकींकडं बघितलं. दोघींनी भारे बांधले. एवढा जड भारा एकटीला डोक्यावर घेता येत नाही, दुसरीनं हात लावावा लागतो. मी तिला आधी उचलून दिला. ती गेली नाही, भारा तसाच सावरत गुडघ्यावर बसली आणि एका हातानं माझ्या भाऱ्याला टेका दिला. मग आपापल्या वाटेनं घरी गेलो, गावच्या रस्त्यानंच.

त्या संध्याकाळी चूल एका काडीत पेटली. ना टायर, ना फुंकणी. जाळ स्वच्छ, पिवळा, घरात धुराची रेघ नाही. कोपऱ्यातलं पोतं मी अजून उचललं नव्हतं. भाकरी अशी टम्म फुगली की मीच बघत राहिले.

मालक जेवायला आत आले. पाटावर बसता बसता थांबले, जाळाकडं बघितलं, चुलीपाशी रचलेल्या ढलप्यांकडं बघितलं.

"लाकूड कुणाचं ह्ये?"

"तुमच्या आईचं," मी म्हटलं.

ते पाटावर बसले. खाली मान घालून जेवायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी ताट पुढं केलं आणि आणखी एक भाकरी मागितली.