वरच्या मजल्यावरचं कुटुंब

माणसाच्या पायांवरून त्याचं अख्खं घर वाचणारा गृहस्थ साऱ्या गाझियाबादेत एकच होता, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहत होता. टांझानियात कुटुंब-पाहणीच्या नोकरीत वर्षानुवर्षं घरोघर हिंडून त्यांनी हेच विचारलं होतं : पाणी किती लांब, चूल कशावर, कामाला जाता कसे? निवृत्त होऊन आमच्या नव्या सोसायटीत आले तरी सवय सुटली नाही. हप्त्यावर गाड्या मिळू लागल्या होत्या. गणपतीच्या आरतीनंतर एका तरुण इंजिनिअरला ते सर्वांदेखत म्हणाले, "गाडी दारात आली, पण बूट अजून बसचेच आहेत हं!"

"अंकल, हद करता यार तुम्ही!" म्हणत तो हसला, त्याची बायको प्रसाद न घेताच निघून गेली.

आमची ओळख मात्र माझ्या तक्रारीने झाली. रोज दुपारी माझ्या छतावर कोणीतरी येरझाऱ्या घालत असे. सोसायटीच्या उपविधींचा हवाला देऊन मी सणसणीत पत्र धाडलं. पत्र घेऊन ते खाली आले, चहाला बसले, आणि वर पावलं सुरू झाली. ते एकटेच राहत. त्यांनी फक्त मान वर केली.

"अनवाणी वाटतात ना हो?"

"अनवाणीच."

"म्हणजे पाणी अजून लांबच आहे."

मग त्यांनी सांगितलं. तिकडे एक आई आणि तिची मुलगी होती. वर्षातून एकदा त्यांची नोंद घ्यायची. अखेरच्या दोन फेऱ्यांत झोपडी रिकामी आढळली. तिसऱ्यांदाही कोणी न भेटल्यास कुटुंब यादीतून काढायचं, असा नियम. तिसऱ्या फेरीआधीच यांची नोकरी संपली.

"फेरी झालीच नाही, तर नावं खोडू कशी, साहेब?"

प्रक्रियेच्या दृष्टीने हे बिनतोड होतं. मी दरवर्षी तक्रार लिहीत गेलो आणि ते ती साक्षीदाराचा पुरावा म्हणून त्या दोघींच्या पाहणीच्या फॉर्मला टाचत गेले. एका वर्षी मी चपलांच्या आवाजाबद्दल खरमरीत लिहिलं. ते पेढे घेऊन आले. पुढे भरदुपारी वरून सायकलच्या चाकाची टिकटिक ऐकू येऊ लागली. "पोरगी शाळेत जात असणार," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

ते इस्पितळात गेले आणि छत गप्प झालं. भेटायला गेलो तर पहिला प्रश्न : "यंदाचं पत्र? नसेल तर यंदा नोंद नाही. मग खोडावंच लागेल."

आयुष्यात मी खोट्या कागदावर सही केलेली नाही. त्या दिवशी तिथेच बाकावर बसून तक्रार लिहिली : निवासी सदनिकेत स्कूटर चालवणे हे सर्वथा निषिद्ध असून...

त्यांनी ते दोनदा वाचलं. "स्कूटर!" म्हणाले. "घरात? छे, वळण म्हणून नाही!" आणि किती तरी वेळ हसत राहिले.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. वर कोणी चालत नाही. दुपारी मी कान देऊन बसतो, आणि मग स्वतःलाच बजावतो, की वाहन हाती आल्यावर दुपारचं घरी कोण बसतं?