पाल्याचा गुण

सगुण गावस आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र विभागाचा शिपाई. गोवा घटकराज्य झालं, त्याच्या पुढच्या वर्षी विभागाच्या सरांनी पेडणे-डिचोलीतल्या रस्त्याकडेच्या झाडांचा संग्रह करायला घेतला. घेतला सरांनी, फिरला सगुण. रस्ते रुंद व्हायच्या आत सगळं गोळा करायचं होतं. साखळी गावाच्या वाटेवर खनिजाचे ट्रक अंगावरून जायचे आणि लाल धुळीत झुडूप कुठलं नि सगुण कुठला, ओळखू यायचं नाही. आणलेली फांदी वर्तमानपत्रात दाबायची, रोज कागद बदलायचे, नाहीतर बुरशी. पन्नाशीत त्याची कंबर गेली त्यातच. मी ग्रंथालयात असल्यानं जुने पेपर मीच द्यायचो. पेपर वाचून तुझी झाडं शहाणी होतील, असं म्हटलं की पूर्वी तो हसायचा. त्या वर्षी हसणंही सोडलं त्यानं.

प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर गावठी नाव आणि उपयोग लिहावा लागे. मांद्र्यात गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, मिळालेल्या एका वेलीचं नाव कुणालाच सांगता येईना. चिठ्ठी पूर्ण झाली तरच गोळा करणारा म्हणून तुझं नाव घालीन, असं सर म्हणाले. एवढ्या पायपिटीनंतर एका तरी कागदावर आपलं नाव असावं, असं सगुणला वाटलं तर त्यात गैर काय?

त्यानं वेल आईला, त्याच्या भाषेत आवयला, दाखवली. यशोदाबाई काविळीला पाला देत. कसला, ते कुणाला माहीत नव्हतं. पहाटे एकट्या जाऊन आणायच्या, वाटून द्यायच्या. औषध सांगितलं की हाताचा गुण जातो, हा आमच्याकडचा नेम. वेल पाहून त्या गप्प झाल्या आणि सगुण काय ते समजला. तरी पुढचे तीन रविवार तो विचारत राहिला. चौथ्या रविवारी तो फिरून आला तो चपला न काढताच भिंतीला टेकून झोपला. जागा झाल्यावर आईनं नाव सांगितलं, उपयोगही सांगितला.

पंधरवड्यानं केरीची एक बाई पिवळ्या डोळ्यांची लेक घेऊन आली. सगुण घरातच होता. यशोदाबाई उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "आता माझ्या हाताक गुण ना गो. दुसरीकडे व्हर तिका."

मुलगी पुढे म्हापशाच्या हॉस्पिटलात बरी झाली. पण त्याच आठवड्यात सोमवारी सगुण सरांकडे चिठ्ठी परत मागायला आला. संग्रह पणजीला गेला होता, त्याच्या नावासकट. सरांनी त्याला बसवून नीट समजावलं की गुण पाल्यात असतो, लपवण्यात नसतो, आणि लिहिल्यानं तो कुठे जात नाही. मी तिथेच होतो, मलाही ते पटत होतं. सगुणचा मात्र मला राग आला आणि त्याची दयाही आली.

तो सगळं ऐकून घेऊन उठला. म्हणाला, "पाल्याचो गुण आसतलो, सर. आवयचो गेलो."